नर्सिंगला मुलगी पाठवताय? आधी नोंदणीचं विचारा, मग फी भरा



बारावीचा निकाल लागला की आमच्या गटांच्या बैठकीत बचतीच्या वहीबरोबर एक विषय हमखास निघतो. कुणीतरी म्हणतं, "ताई, पोरीला नर्सिंगला घालायचं म्हणतोय. कुठं घालू?" विचार चांगलाच आहे. नर्सचं काम मानाचं आहे, पोटापाण्याचं आहे आणि गावागावात त्याची गरज आहे. पण आम्ही त्या आईला उलट विचारतो, "कुठं घालायचं ते नंतर बघू. आधी सांग, शिकून झाल्यावर तिची नोंदणी कुठं होणार?" बहुतेक वेळा आई गप्प होते. पोरगीही गप्प होते. कारण जाहिरातीत फी लिहिलेली असते, हॉस्टेल लिहिलेलं असतं, 'शंभर टक्के नोकरी' लिहिलेलं असतं. नोंदणीचं मात्र अक्षर नसतं.

म्हणून आजचं बोलणं त्या एका शब्दावर आहे. नोंदणी.

नोंदणी म्हणजे काय

आपल्या राज्यात महाराष्ट्र परिचर्या परिषद आहे. १९६६ सालच्या महाराष्ट्र परिचारिका कायद्यानुसार ती चालते. जी मुलगी मान्य अभ्यासक्रम पूर्ण करते आणि परीक्षा पास होते, तिचं नाव या परिषदेच्या नोंदवहीत चढतं आणि तिला क्रमांक मिळतो. तो क्रमांक मिळाला की ती नोंदणीकृत परिचारिका. सरकारी दवाखान्याची भरती असो, जिल्हा परिषदेची असो किंवा मोठ्या खासगी रुग्णालयाची, अर्जात तो क्रमांक मागतात. ठरावीक मुदतीनंतर नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, तेही विसरायचं नाही.

देशपातळीवर १९४७ च्या कायद्यानं भारतीय परिचर्या परिषद आली. कोणता अभ्यासक्रम किती वर्षांचा, त्यात काय शिकवायचं, कॉलेजला रुग्णालय किती खाटांचं हवं, हे तिनं ठरवलं. २०२३ मध्ये संसदेनं या कामासाठी राष्ट्रीय आयोग नेमण्याचा नवा कायदा केला. पुढं पाट्यांवरची नावं बदलतील, पण गोष्ट तीच राहणार. नोंदवहीत नाव असेल ती नर्स.

ही रीत आपल्याकडेच आहे असंही नाही. अमेरिकेत कम्युनिटी कॉलेज नावाची स्वस्तातली सार्वजनिक कॉलेजं असतात. तिथं साधारण दोन वर्षांची नर्सिंगची पदवी मिळते. कामाला जाऊन, लेकरं सांभाळून शिकणाऱ्या कितीतरी बाया तिथं शिकतात. पण पदवी हातात आली म्हणून तिथंही कुणी लगेच नर्स होत नाही. एनसीएलईएक्स नावाची परीक्षा पास व्हावी लागते आणि राज्याच्या मंडळाकडून परवाना घ्यावा लागतो, तेव्हाच तिला रजिस्टर्ड नर्स म्हणतात. आपल्याकडून तिकडं जाणाऱ्या नर्सनाही ती परीक्षा चुकत नाही. दुसऱ्याचा जीव हातात द्यायचा तर त्या हाताची कुठंतरी नोंद हवी, एवढाच त्याचा अर्थ.

तीन वाटा

आपल्याकडे नोंदणीपर्यंत नेणाऱ्या मुख्य वाटा तीन आहेत.

पहिली एएनएम. मुदत दोन वर्षं. बारावी पास हवी आणि इंग्रजी विषय असायला हवा. विज्ञान शाखाच हवी असं नाही, कला शाखेच्या मुलीलाही चालतं. वय सतरा ते पस्तीस. हा अभ्यासक्रम फक्त मुलींसाठी आणि बायकांसाठी आहे. यात गावचं आरोग्य, लहान मुलांची काळजी, लसीकरण, गरोदरपण, बाळंतपण आणि उपकेंद्राचा कारभार शिकवतात. शेवटचे सहा महिने प्रत्यक्ष काम करायचं असतं. आपल्या उपकेंद्रात ज्या आरोग्य सेविकेला आपण 'नर्सबाई' म्हणतो, ती या वाटेनं आलेली असते. सपाटीच्या भागात साधारण पाच हजार आणि डोंगरी, आदिवासी भागात तीन हजार लोकवस्तीला एक उपकेंद्र असं सरकारचं माप आहे. म्हणजे हे काम आपल्या गावाच्या अगदी जवळचं आहे.

दुसरी जीएनएम. मुदत तीन वर्षं. ही पदविका आहे. इथंही बारावीची कोणतीही शाखा चालते, विज्ञान असेल तर अभ्यास सोपा जातो. बारावीला किमान ४० टक्के आणि इंग्रजी विषय हवा. शरीराची रचना, जंतुशास्त्र, औषधोपचार, शस्त्रक्रियेच्या रुग्णांची काळजी, मानसिक आजार, बालरोग, बाळंतपण असं सगळं यात येतं. पास झाल्यावर परिचारिका आणि प्रसाविका अशी दोन्ही नोंदणी होते. जिल्हा रुग्णालयातली अधिपरिचारिका, म्हणजे आपण जिला स्टाफ नर्स म्हणतो, ती होण्याची पात्रता यातून येते. जीएनएमला मुलगेही जाऊ शकतात.

तिसरी बीएस्सी नर्सिंग. चार वर्षांची पदवी. यासाठी बारावी विज्ञानच हवी, भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी विषय घेऊन. गुण किमान ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४०. राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षा कक्षाची सीईटी द्यावी लागते. आपल्या राज्यात ही पदवी बहुतेक ठिकाणी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते.

मैत्रिणींनो, या तीन वाटांमध्ये भिंती नाहीत. एएनएम होऊन नोंदणी झालेली मुलगी पुढं जीएनएमला जाऊ शकते. जीएनएम झालेली दोन वर्षांची पोस्ट बेसिक बीएस्सी करू शकते. पुढं एमएस्सी करून कॉलेजात शिकवूही शकते. त्यामुळं पोरगी कला शाखेची आहे, आता काही होणार नाही, असं म्हणून तिला घरी बसवू नका. आणि हो, ही गोष्ट फक्त पोरींची नाही. आमच्या गटांत बारावी झालेल्या, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या कितीतरी सुना आहेत. लग्न झालं म्हणून एएनएमचं दार बंद होत नाही. पस्तिशीच्या आत असाल तर वयाचा नियम तुमच्या बाजूनं आहे.

फसगत कुठं होते

आता मुद्द्याचं. या तीन वाटांच्या आजूबाजूला खूप पायवाटा निघाल्या आहेत. सहा महिन्यांचा नर्सिंग कोर्स, एक वर्षाचा नर्सिंग डिप्लोमा, रुग्णसेवा प्रमाणपत्र अशी त्यांची नावं. त्यातले काही सरकारमान्य कौशल्य अभ्यासक्रम आहेत आणि ते वाईट नाहीत. रुग्णाला उठवणं, बसवणं, अंघोळ घालणं, खाऊ घालणं हे काम ते शिकवतात. शिकणारीला मदतनीस म्हणून नोकरी मिळू शकते. अडचण तेव्हा होते, जेव्हा मदतनिसाचं शिक्षण नर्सचं शिक्षण म्हणून विकलं जातं.

आमच्या भागातल्या एका गटातली गोष्ट सांगतो. नाव, गाव सांगत नाही. एका ताईंनी गटातून अंतर्गत कर्ज काढलं, दोन शेळ्या विकल्या आणि मुलीला तालुक्याच्या एका संस्थेत एक वर्षाच्या कोर्सला घातलं. पोरगी हुशार. वर्ग बुडवला नाही. पांढरा ड्रेस, टोपी, निरोप समारंभ, सगळं झालं. चौकटीत घालून प्रमाणपत्र भिंतीवर लागलं. मग आरोग्य विभागाची भरती निघाली. ती अर्ज भरायला बसली आणि 'परिषद नोंदणी क्रमांक' या रकान्यापाशी गाडं अडलं. संस्थेत चौकशी केली तर उत्तर मिळालं, "तो आमच्या कोर्सला नसतो." हे प्रवेशाच्या दिवशी कुणी सांगितलं नव्हतं. आज ती एका खासगी दवाखान्यात काम करते. काम नर्सचं, पगार मदतनिसाचा. गटाचं कर्ज तिच्या आईनं हप्त्याहप्त्यानं फेडलं. पैसे फिटले. पोरीचं वर्ष कोण परत देणार?

यात त्या पोरीचं काही चुकलं नाही. तिनं मन लावून शिकली. फक्त तिला विचारायचे प्रश्न कुणी हातात दिले नव्हते. ते आज आपण देऊ.

फी भरायच्या आधी विचारायचे प्रश्न

पहिला प्रश्न: अभ्यासक्रमाचं पूर्ण नाव काय? एएनएम, जीएनएम की बीएस्सी? 'नर्सिंगचाच आहे हो' हे उत्तर नाही. कागदावर काय लिहिलंय ते वाचा.

दुसरा प्रश्न: परीक्षा कोण घेतं? एएनएम आणि जीएनएमची परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाची असते. बीएस्सीची विद्यापीठाची. संस्था स्वतःच परीक्षा घेऊन स्वतःच प्रमाणपत्र देत असेल, तर तिथून उठा.

तिसरा प्रश्न: या वर्षी या अभ्यासक्रमाला मान्यता आहे का? एका कॉलेजला एएनएमची मान्यता असते, जीएनएमची नसते, असंही होतं. मागच्या वर्षी होती, या वर्षी नाही, असंही होतं. भारतीय परिचर्या परिषदेच्या संकेतस्थळावर राज्यवार आणि अभ्यासक्रमवार यादी असते. संस्थेचं नाव त्यात शोधा. ग्रामपंचायतीच्या संगणकावर, नाहीतर शिकलेल्या पोराच्या मोबाइलवर हे काम होतं. नाव, गाव, अभ्यासक्रम, तिन्ही जुळतात का बघा. सारख्या नावाच्या संस्था असतात, त्यात गल्लत होते.

चौथा प्रश्न: मुली काम शिकायला कोणत्या रुग्णालयात जातात? जीएनएम आणि बीएस्सीच्या कॉलेजला साधारणपणे स्वतःचं किमान १०० खाटांचं रुग्णालय लागतं. तिथं स्वतः जा. वॉर्डात रुग्ण आहेत का, मुली काम करताना दिसतात का, बघा. शेवटच्या वर्षाच्या दोन मुलींना बाजूला घेऊन विचारा. त्या खरं सांगतील. पुस्तकं वाचून इंजेक्शन देता येत नाही. ज्या कॉलेजला रुग्णालय नाही तिथली मुलगी शिकणार कुणावर?

पाचवा प्रश्न: मागच्या तुकडीच्या मुलींची नोंदणी झाली का? एखादीचं नोंदणी प्रमाणपत्र दाखवा म्हणा. मान्य कॉलेजला हे दाखवायला अडचण नसते.

सहावा प्रश्न: फी एकूण किती? प्रवेश, शिकवणी, हॉस्टेल, जेवण, गणवेश, पुस्तकं, परीक्षा, सगळ्या वर्षांचं मिळून लिहून घ्या. प्रत्येक रुपयाची पावती घ्या. दहावी-बारावीची मूळ कागदपत्रं जमा करताना पोच घ्या आणि झेरॉक्स घरी ठेवा.

आणखी दोन सावधगिरीच्या गोष्टी. कुणी 'घरबसल्या नर्सिंग' म्हणालं तर समजून घ्या. बारावीनंतर नर्स व्हायचं तर वॉर्डात उभं राहूनच शिकावं लागतं. आणि गावात येऊन दुसऱ्या राज्यात प्रवेश करून देतो म्हणणारा दलाल भेटला, तर घाई करू नका. परराज्यात चांगली कॉलेजंही आहेत. पण तिथं शिकलं की आधी त्या राज्याच्या परिषदेत नोंदणी करावी लागते आणि मग ती महाराष्ट्रात आणावी लागते. हे दलाल सांगत नाही. त्याचं कमिशन प्रवेशाच्या दिवशीच मिळालेलं असतं.

पैसा आणि कागद

सरकारी कॉलेज आणि जिल्हा रुग्णालयाला जोडलेल्या प्रशिक्षण केंद्रांत फी कमी असते, जागाही कमी असतात. म्हणून अर्ज वेळेत भरायचा. वेळ बहुतेक कागदांमुळं चुकते. अधिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रिमीलेअर आणि जात वैधता प्रमाणपत्र, हे सगळं निकालाची वाट न बघता अकरावी-बारावीतच करून ठेवा. जात वैधतेला वेळ लागतो. आमच्याकडं गुण असूनही या एका कागदासाठी मुलींची धावपळ झालेली आम्ही दरवर्षी बघतो. शाळा सोडून मध्ये दोन-चार वर्षं गेली असतील तर त्या खंडाचं प्रतिज्ञापत्रही लागतं. सुनांनो, लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राचा किंवा विवाह नोंदणीचा कागद तयार ठेवा.

शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीवर भरतात. २०२४ पासून राज्य सरकारनं व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आर्थिक दुर्बल घटक, इतर मागासवर्ग आणि सामाजिक व शैक्षणिक मागास वर्गातल्या मुलींना शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत दिली आहे. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांपर्यंत हवं आणि प्रवेश सरकारच्या प्रवेश फेरीतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ही सवलत नाही. आपला अभ्यासक्रम आणि कॉलेज यात बसतं का, हे प्रवेशाआधी कॉलेजकडून लेखी विचारून घ्या.

कर्ज काढायचं तर आधी बँकेत जा. शैक्षणिक कर्ज देताना बँक मान्यतेचा कागद मागते. बँक म्हणाली, "या कोर्सला कर्ज बसत नाही", तर चिडू नका, थांबा. तो आपल्यासाठी इशाराही असू शकतो. गटांनाही आमचं सांगणं आहे. मुलीच्या शिक्षणासाठी अंतर्गत कर्ज जरूर द्या, पण ठराव लिहिताना मान्यतेच्या यादीची प्रत वहीला जोडा. म्हैस घेताना आपण चार घरं फिरतो, दात बघतो, दूध काढून बघतो. पोरीच्या तीन वर्षांसाठी एवढं तर करूच.

तिला काय काय सोसावं लागेल

शिक्षण सोपं नाही, हेही सांगायला हवं. पुस्तकं इंग्रजीत असतात. मराठी शाळेतून गेलेल्या मुलीला पहिले सहा महिने जड जातात. आमच्या माहितीतल्या मुलींनी एक युक्ती केली. छोटी वही केली, रोज दहा शब्द लिहिले, एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला मराठी अर्थ. वर्षाच्या शेवटी भीती गेली.

रक्त बघून चक्कर येते. पहिला मृत्यू बघितला की रात्री झोप लागत नाही. रात्रपाळी असते. पाय सुजतात. ती घरी फोन करून रडली तर "ये परत" असं लगेच म्हणू नका. ऐकून घ्या. आणि कुणी तिला त्रास देत असेल, वाईट बोलत असेल, तर मात्र त्याच दिवशी कॉलेज गाठा. रडणं कशाचं आहे ते आईनं ओळखायचं.

हजेरीचा नियम कडक असतो. जीएनएम आणि बीएस्सीला वर्गात ८० टक्के हजेरी लागते आणि प्रात्यक्षिकाचे तास तर पूर्णच करावे लागतात. म्हणून शिकत असताना मध्येच लग्न ठरवू नका. 'पाहुणे चांगले आहेत, नंतर शिकेल' या वाक्यानं किती मुलींचं दुसरं वर्ष अर्धवट राहिलंय. आणि सुनेला शिकवताय तर स्वयंपाक, लेकरं, जनावरं यांची वाटणी आधी करा. तिचं दोन वर्षांचं काम घरात कोण उचलणार, हे सासूनं आणि नवऱ्यानं ठरवल्याशिवाय प्रवेश घेऊ नका.

एक शेवटची अडचण असते ती लोकांच्या बोलण्याची. परक्या माणसांची घाण काढायची, रात्री बाहेर राहायचं, हे काय बायकांचं काम, असं अजूनही ऐकू येतं. शंभर वर्षांपूर्वीही हेच म्हणत होते. तेव्हा पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदननं मुलींना, विधवा बायकांना ससून रुग्णालयात परिचारिकेचं शिक्षण घ्यायला लावलं. त्या वेळच्या समाजाला ते रुचलं नव्हतं. आज आपल्या लेकीबाळींचं बाळंतपण दवाखान्यात होतं तेव्हा कळांच्या वेळी पाठीवर कुणाचा हात असतो, ते आठवा. करोनाच्या दिवसांत घरच्यांना आत सोडत नव्हते, तेव्हा आपल्या माणसाला पाणी कुणी पाजलं, तेही आठवा.

आता या आठवड्याचं काम. प्रत्येक गटानं आपल्या बैठकीत एक पान काढायचं. गटातल्या कुणाची मुलगी किंवा सून बारावी झालीय, कोण नर्सिंगचा विचार करतंय, ते लिहायचं. पुढं सहा रकाने आखायचे: अभ्यासक्रम, परीक्षा, मान्यता, रुग्णालय, नोंदणी, फी. सहाही रकाने भरल्याशिवाय कुणी पैसे भरायचे नाहीत. रकाना भरता येत नसेल तर ते पान घेऊन उपकेंद्रातल्या आपल्या नर्सबाईकडं जा. ती या वाटेनं चालून आली आहे, तिला खाचखळगे माहीत आहेत. ग्रामसंघाच्या बैठकीत ही पानं एकत्र केली, तर शेजारच्या गावानं तपासलेलं कॉलेज आपल्याला पुन्हा तपासावं लागणार नाही.

भेटू पुढच्या आठवड्यात. नमस्कार.